हैदराबादला नमुने नेण्याआधी

रंजक तयार होतो. एनएमआर येतो, मास येतो, शोषणपट आणि प्रतिदीप्तीही मोजून होते. मग प्रगती-अहवालाच्या बैठकीत कुणीतरी विचारतं, ‘प्रकाश पडल्यावर नेमकं होतं काय? ट्रिप्लेट बनतो, की इलेक्ट्रॉन सुटतो?’ विभागातला स्पेक्ट्रोफोटोमीटर याचं उत्तर देऊ शकत नाही. उत्तर नॅनोसेकंदांत किंवा त्याहूनही लहान काळात घडून संपलेलं असतं. ते पकडायला लेझर फ्लॅश फोटोलिसिस किंवा ट्रान्झियंट अ‍ॅब्सॉर्प्शन (टीए) लागतं, आणि ती यंत्रं प्रत्येक विद्यापीठात असण्याइतकी स्वस्त नाहीत.

मराठवाडा आणि सोलापूरकडच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी जवळचं शहर म्हणजे हैदराबाद. (१९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया हे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत मराठवाड्यातल्या महाविद्यालयांचंही विद्यापीठ होतं. तेव्हा ही वाट नवी नाही.) गच्चीबावलीचं हैदराबाद विद्यापीठ, तारनाक्याची आयआयसीटी, कंदीची आयआयटी आणि गोपनपल्लीचं टीआयएफआरचं केंद्र अशा संस्थांमुळे प्रकाशरसायन आणि लेझर या दोन्हींचे जाणकार या एका शहरात भेटतात. कुठलं यंत्र बाहेरच्यांना खुलं आहे, हे वर्षागणिक बदलतं. म्हणून २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर शोधा आणि त्याचबरोबर संबंधित गटाच्या प्रमुखांना थेट पत्रही लिहा. माझ्या मते पत्राचा उपयोग जास्त होतो. पत्रात रेणूची रचना, शोषणपट आणि तुमचा प्रश्न असावा. ‘टीए करून हवं आहे’ एवढंच लिहिणाऱ्याला बहुधा उत्तर येत नाही. मुंबईकडच्यांना भाभा अणुसंशोधन केंद्रातला रेडिएशन अँड फोटोकेमिस्ट्री विभाग माहीत असतो. तिथे पल्स रेडिओलिसिसचीही सोय आहे, आणि रॅडिकलांची ओळख पटवायची असेल तर ती फार कामाची.

दुसऱ्याच्या यंत्रावर मिळणारा वेळ मोजका असतो. त्या वेळात सिग्नल मिळेल की नाही, याच काळजीत विद्यार्थी जातात. सिग्नल मिळतो. सात-आठ मिलीज्यूलचा लेझर कुठल्याही रंगीत द्रावणावर पाडला तर काही ना काही दिसतंच. तो सिग्नल कुणाचा, हे सांगता येणं हे खरं काम, आणि त्याची बहुतेक तयारी घरीच करावी लागते.

आधी ठरवा: कुठलं यंत्र?

दोन्ही तंत्रांचा गाभा एकच. एका प्रकाशाने रेणू उत्तेजित करायचा आणि दुसऱ्या प्रकाशाने त्याचं शोषण कसं बदलतं ते काळानुसार पाहायचं. केंब्रिजला नॉरिश आणि पोर्टर यांनी १९४९ मध्ये हे विद्युत-झोताच्या दिव्यांनी केलं. पोर्टर युद्धकाळात नौदलात रडारचं काम करत होते, त्यामुळे स्पंदांची भाषा त्यांच्या परिचयाची होती. या कामासाठी दोघांना १९६७ चं नोबेल मिळालं, मॅनफ्रेड आयगन यांच्याबरोबर विभागून. १९६० मध्ये लेझर आला आणि त्या दशकातच दिव्याची जागा त्याने घेतली. काळाची मर्यादा नॅनोसेकंदांवर उतरली. पुढे फेम्टोसेकंद स्पंदांनी ती आणखी लाखपट खाली नेली, आणि त्या कामासाठी झेवैल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

नॅनोसेकंद यंत्रात निओडिमियम-यॅग लेझरचा पाच ते दहा नॅनोसेकंदांचा स्पंद असतो. तपासणीचा प्रकाश झेनॉन दिव्याचा असतो आणि तो नमुन्यातून लेझरच्या काटकोनात जातो. पुढे मोनोक्रोमेटर, फोटोमल्टिप्लायर आणि ऑसिलोस्कोप. एका वेळी एकाच तरंगलांबीवर पूर्ण काळाचा आलेख मिळतो. फेम्टोसेकंद यंत्रात उलट आहे. तिथे एका वेळी पूर्ण वर्णपट मिळतो, पण काळाचा एकच बिंदू. पुढचा बिंदू हवा असेल तर आरसे बसवलेली डिले स्टेज सरकवून एका किरणाची वाट लांबवायची. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. किरण जाऊन परत येतो म्हणून स्टेज १५ सेंटिमीटर सरकवावी लागते. म्हणूनच ही यंत्रं सहसा काही नॅनोसेकंदांपलीकडे जात नाहीत. त्यानंतर काय झालं ते दुसऱ्या यंत्राला विचारायचं.

कुठल्या दारात जायचं हे तुमच्याकडे आधीच असलेल्या दोन आकड्यांवरून ठरतं: प्रतिदीप्तीची क्वांटम यील्ड आणि प्रतिदीप्तीचा लाइफटाइम. यील्ड ०.९ असेल तर ट्रिप्लेटसाठी उरतं फार तर दहा टक्के. तो शोधायला जाण्याआधी पुन्हा विचार करा. प्रतिदीप्ती जवळपास नाहीच आणि लाइफटाइम टीसीएसपीसी यंत्राच्या मर्यादेखाली गेलेला आहे, तर पहिली घटना पिकोसेकंदांत घडते आहे. मग फेम्टोसेकंद. प्रतिदीप्ती मध्यम आहे, जड अणू आहे किंवा कार्बोनिल आहे आणि ट्रिप्लेटचा संशय आहे, तर नॅनोसेकंदपासून सुरुवात करा. ते स्वस्त आहे, चटकन होतं आणि चुकलं तर पुन्हा करता येतं. हे दोन आकडे हाती नसतील तर हैदराबादचं तिकीट काढू नका.

पिशवीत काय काय

शुद्धता पहिली. तुमच्या रंजकाचा ट्रिप्लेट यील्ड पाच टक्के आहे आणि त्यात दोन टक्के अशुद्धी आहे, जिचा ट्रिप्लेट यील्ड शंभर टक्के आहे. ती अशुद्धी लेझरच्या तरंगलांबीवर जोरात शोषण करत असेल, तर दिसलेल्या सिग्नलमधला मोठा वाटा तिचा असू शकतो. एनएमआरमध्ये दोन टक्के डोळ्याआड जातात. एचपीएलसी करा. प्रतिदीप्तीचा एक्सायटेशन वर्णपट शोषणपटाशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर नमुना पुन्हा कॉलमवर.

सेल चारही बाजूंनी पारदर्शक हवा. हे सांगावं लागतं, कारण शोषण मोजायची दोन खरखरीत बाजूंची क्युव्हेट घेऊन येणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. नॅनोसेकंद यंत्रात लेझर एका बाजूने आणि तपासणीचा प्रकाश काटकोनातून येतो. म्हणून प्रतिदीप्तीची क्वार्ट्झ सेलच लागते, आणि डीगॅस करायचं असल्याने वर सेप्टम किंवा स्टॉपकॉक बसेल अशी. फेम्टोसेकंदसाठी एक किंवा दोन मिलिमीटर जाडीची सेल लागते. ती तिथे असते का, हे पत्रातच विचारा.

द्रावण करून नेऊ नका. घन पदार्थ न्या, काळ्या कागदात गुंडाळून. ज्वलनशील द्रावक रेल्वेतून नेण्याला मनाई आहेच, शिवाय एप्रिल-मेच्या बसमध्ये डायक्लोरोमिथेनचं द्रावण म्हणजे चेष्टा. त्याचा उत्कलनबिंदू ३९.६ अंश सेल्सिअस आहे, आणि दख्खनच्या उन्हाळ्यात दुपारचं तापमान त्याच्यापुढे जातं. द्रावक स्पेक्ट्रोस्कोपी दर्जाचा तिथे मिळेल का, हेही आधी विचारून घ्या. नाहीतर एका बाटलीसाठी दिवस जातो.

यॅग लेझर १०६४ नॅनोमीटर देतो आणि त्यापासून ५३२, ३५५ व २६६ मिळतात. यांपैकी एकावर तुमच्या रंजकाचं शोषण ०.३ ते ०.५ ओडी येईल अशी संहती घरीच काढून ठेवा. त्याच तरंगलांबीवर द्रावक स्वतः शोषत नाही ना, तेही पाहा. २६६ वर टोल्युइन आणि अ‍ॅसिटोन दोघेही शोषतात. तिथे दिसलेला ट्रान्झियंट द्रावकाचाच निघेल.

ऑक्सिजन

वेगळा मथळा देण्याइतका हा विषय महत्त्वाचा आहे, कारण सर्वांत जास्त चुकीचे लाइफटाइम याच्यामुळे छापले गेले आहेत.

हवेशी समतोल असलेल्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ऑक्सिजन सुमारे १.९ मिलिमोलर असतो. पाण्यात तो फक्त ०.२७ मिलिमोलर. ऑक्सिजन ट्रिप्लेटला विझवतो, आणि त्याचा वेगांक दर मोलरला दर सेकंदाला काही अब्ज इतका असतो. तीन अब्ज धरा. मग अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये हवा असताना कुठल्याही ट्रिप्लेटचं आयुष्य २०० नॅनोसेकंदांच्या आसपास येऊन थांबतं, मूळ आयुष्य कितीही मोठं असलं तरी. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचा हिशेब फार थोडे करतात. आर्गॉन सोडून ९९ टक्के ऑक्सिजन काढला, एक टक्का उरला. त्या एका टक्क्यामुळे आयुष्याची मर्यादा सुमारे १७ मायक्रोसेकंदांवर बसते. तुमच्या रेणूचा खरा ट्रिप्लेट २०० मायक्रोसेकंद जगत असेल, तर तुम्ही मोजताय तो उरलेला ऑक्सिजन.

म्हणून नियम असा ठेवा. लाइफटाइम पाच मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर वीस-तीस मिनिटं आर्गॉन पुरे. आर्गॉन आधी त्याच द्रावकाच्या बाटलीतून नेऊन मग सेलमध्ये सोडावा, नाहीतर द्रावक उडून जातो आणि ओडी बदलते. लाइफटाइम दहा मायक्रोसेकंदांहून मोठा आला तर त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी फ्रीझ-पंप-थॉ करा, निदान तीन-चार फेऱ्या. दोन्ही पद्धतींनी एकच आकडा आला तरच तो रेणूचा.

हैदराबादची एक खासियत इथे सांगितली पाहिजे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब तिथे समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ९४ टक्के असतो. पुस्तकातल्या तक्त्यांत विरघळलेल्या ऑक्सिजनचे आकडे एका वातावरण दाबाला दिलेले असतात. म्हणजे हवेशी समतोल असलेल्या द्रावणात तुमच्याकडे सहा टक्के ऑक्सिजन कमीच आहे. ऑक्सिजनने विझवण्याचा वेगांक काढताना तक्त्यातला आकडा जसाच्या तसा वापरलात तर उत्तर सहा टक्के कमी येतं. हा फरक काही प्रबंध बुडवणारा नाही. पण मुंबईच्या गटाशी आकडा जुळत नाही म्हणून डोकं खाजवण्यापेक्षा हे आधी तपासावं.

पहिला नमुना तुमचा नसावा

यंत्रावर बसल्यावर पहिल्यांदा ज्याचं उत्तर जगाला माहीत आहे असा नमुना टाका. माझी पसंती ट्रिस-बायपिरिडिल रुथेनियमला. पाण्यातलं द्रावण, ऑक्सिजन काढलेलं असेल तर ४५० नॅनोमीटरला ब्लीच दिसतो (मूळ रेणू कमी झाल्याने शोषणात पडलेला खड्डा), ३७० च्या आसपास उंचवटा, आणि आयुष्य सुमारे ६०० नॅनोसेकंद. हवा असेल तर ४०० च्या जवळ. एका बाटलीत यंत्राचा काळ, तरंगलांबी आणि तुमचं डीगॅसिंग या तिन्हींची परीक्षा होते. ६०० च्या जागी ४८० आले तर तुमच्या रंजकाला हात लावू नका. आधी सेप्टम बघा.

सिग्नलच्या उंचीवरून ट्रिप्लेटचा यील्ड काढायचा असेल तर बेंझोफिनोन लागतो. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये त्याचा ट्रिप्लेट ५२० नॅनोमीटरला शोषतो, मोलर शोषणांक सुमारे ६५००, यील्ड एक. तुमचा रंजक आणि बेंझोफिनोन दोघांची लेझर तरंगलांबीवरची ओडी सारखी ठेवायची आणि सिग्नलांची तुलना करायची. अल्कोहोल वापरू नका, बेंझोफिनोनचा ट्रिप्लेट त्यातून हायड्रोजन ओढून घेतो आणि ५४५ च्या आसपास शोषणारा किटिल रॅडिकल उभा राहतो.

ही तुलना सोपी वाटते आणि इथेच घात होतो. हिशेब करून पाहू. ३५५ नॅनोमीटरचे ५ मिलीज्यूल म्हणजे सुमारे नऊ हजार लाख कोटी, अर्थात ९ गुणिले दहाचा पंधरावा घात इतके फोटॉन. ओडी ०.४ असेल तर त्यांतले ६० टक्के शोषले जातात. लेझर ज्या भागावर पडतो तो अर्धा मिलिलिटर धरा. बेंझोफिनोनचा शोषणांक ३५५ ला फार कमी असल्याने ०.४ ओडीसाठी तो काही मिलिमोलर लागतो. म्हणजे शेकडो रेणूंमागे एक उत्तेजित होतो. ठीक. तुमच्या रंजकाचा शोषणांक मात्र २०,००० आहे. ०.४ ओडीसाठी तो २० मायक्रोमोलर पुरतो, आणि त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये रेणू आहेत सुमारे ६ गुणिले दहाचा पंधरावा घात, जवळपास शोषलेल्या फोटॉनांइतकेच. स्पंदाच्या शेवटाकडे शोषायला मूळ रेणूच उरत नाहीत. सिग्नल दबतो, यील्ड कमी येतो, आणि तो आकडा प्रबंधात ठाण मांडून बसतो.

उपाय साधा आहे, फक्त वेळ खातो. लेझरची ऊर्जा पाच-सहा पायऱ्यांनी कमी करत जा, अर्ध्या मिलीज्यूलपर्यंत. प्रत्येक पायरीला सिग्नल मोजा. सरळ रेषा जिथपर्यंत मूळबिंदूतून जाते, त्या भागातच तुलना करा. सिग्नल लहान होईल, गोंगाट वाढेल, मग सरासरीसाठी जास्त स्पंद घ्या. गोंगाट स्पंदांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे निम्मा करायला चौपट स्पंद. हाच आलेख आणखी एक गोष्ट सांगतो. सिग्नल ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल तर दोन फोटॉन एकदम लागून रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आहे. पाण्यात असं झालं तर ७२० नॅनोमीटरला जलयोजित इलेक्ट्रॉनचा रुंद पट्टा दिसेल. नायट्रस ऑक्साइड सोडल्यावर तो नाहीसा झाला की खात्री.

हा कोण?

आता मुख्य काम. ५०० नॅनोमीटरला काहीतरी उगवलं आणि ३ मायक्रोसेकंदांत मावळलं. हवा सोडल्यावर ते लवकर मावळलं. बहुतेक जण इथेच ‘ट्रिप्लेट’ लिहून मोकळे होतात.

हवेने विझणं हा पुरावा अपुरा आहे. कार्बनकेंद्री रॅडिकल ऑक्सिजनशी तितक्याच वेगाने अभिक्रिया करतात आणि सुटा इलेक्ट्रॉनही करतो. ट्रिप्लेटचा दाखला ऊर्जेच्या देवघेवीतून मिळतो. ज्याची ट्रिप्लेट ऊर्जा तुमच्या रेणूपेक्षा कमी आहे असा ग्राहक घाला, बीटा-कॅरोटीन सोयीचं. तुमचा सिग्नल जितक्या वेगाने उतरतो, तितक्याच वेगाने ५१५ च्या आसपास कॅरोटीनचा ट्रिप्लेट चढला पाहिजे. उतार आणि चढ यांचे वेगांक जुळले तर देवघेव झाली. नुसता उतार पाहून थांबू नका, कारण उतार विझवण्याच्या दहा कारणांनी येतो. यॅगच्या ज्या तरंगलांबीवर काम चाललंय तिथे कॅरोटीन स्वतः किती शोषतं, हे आधी तपासा. ५३२ वर तुलनेने बरं.

रॅडिकलचा किंवा इलेक्ट्रॉन देण्याचा संशय असेल तर मिथाइल व्हायोलोजेन घाला. इलेक्ट्रॉन घेतल्यावर त्याचा निळा रॅडिकल ३९५ आणि ६०५ नॅनोमीटरला दिसतो, आणि ६०५ चा मोलर शोषणांक सुमारे १३,७०० असल्याने किती इलेक्ट्रॉन गेले हेही मोजता येतं. तुमच्या रंजकाच्या ऑक्सिडीकृत रूपाचा वर्णपट आधी स्पेक्ट्रोइलेक्ट्रोकेमिस्ट्रीने घरी काढून न्या. हैदराबादला जाऊन आल्यावर हा वर्णपट काढावा लागला तर काही बिघडत नाही, पण तोवर तुम्हाला कुठल्या तरंगलांब्या मोजायच्या राहिल्या हे कळलेलं नसतं आणि पुन्हा जागा मिळायला महिने जातात.

तिसरा दाखला विझवण्याच्या आलेखाचा. क्वेंचरच्या (विझवणाऱ्या पदार्थाच्या) चार-पाच संहत्यांना वेगांक मोजून सरळ रेषा काढा. तिचा उतार द्रावकाच्या विसरण-मर्यादेखाली असायला हवा. २५ अंशांना अ‍ॅसिटोनायट्राइलसाठी ती सुमारे १.९ गुणिले दहाचा दहावा घात, पाण्यासाठी साधारण ७.४ गुणिले दहाचा नववा घात. तुमचं उत्तर तिच्यापुढे गेलं तर निसर्ग चुकलेला नसतो. क्वेंचर आणि रंजक अंधारातच चिकटून बसले असतील किंवा क्वेंचरचं वजन चुकलं असेल.

आणखी एक तपासणी अगदी फुकट आहे. ब्लीच परत भरतो तो वेगांक आणि उंचवटा उतरतो तो वेगांक एक आहेत का? एक असतील तर ट्रान्झियंट थेट मूळ रेणूत परततो आहे. ब्लीच भरतच नाही, तर काहीतरी कायमचं तुटलं. उतार सरळ एकघाती नसून ऊर्जा कमी केल्यावर संथ होत असेल, तर दोन ट्रिप्लेट एकमेकांना गाठून संपताहेत. अशा वेळी दोन घातांकी पदं बसवून दोन लाइफटाइम जाहीर करू नका, ऊर्जा कमी करा.

काही फसव्या खुणा डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. ३५५ चा विखुरलेला प्रकाश मोनोक्रोमेटरच्या दुसऱ्या क्रमात ७१० ला येतो, २६६ चा ५३२ ला. योग्य फिल्टर नसेल तर तिथे सुंदर टोचदार खोटी खूण दिसते. प्रतिदीप्तीच्या पट्ट्यात ऋण सिग्नल दिसला तर तपासणीचा दिवा बंद करून तोच लेझर पाडा. जे उरलं ती प्रतिदीप्ती, ती वजा करा. सुरुवातीच्या काही नॅनोसेकंदांतला थरथराट बहुधा लेझरच्या क्यू-स्विचचा विद्युत गोंगाट असतो, त्यात भौतिकी शोधू नका. आणि लहान काळ मोजताना ऑसिलोस्कोप ५० ओहमवर आहे ना, हे चालकाला विचारायला लाजू नका. मोठ्या रोधावर सिग्नल उंच दिसतो पण वेग मरतो.

फेम्टोसेकंदच्या टेबलावर

इथे टायटेनियम-सफायर लेझरचा ८०० नॅनोमीटरचा, सुमारे १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद सेकंदाला हजार वेळा येतो. त्यातला एक भाग उत्तेजनासाठी, बहुधा दुप्पट वारंवारतेने ४०० नॅनोमीटर करून. दुसरा सफायरच्या चकतीत टाकून पांढरा प्रकाश बनवतात, तो साधारण ४५० ते ७५० नॅनोमीटर पसरतो. त्याखाली, साडेतीनशेच्या आसपासपर्यंत जायचं असेल तर कॅल्शियम फ्लोराइड लागतं, आणि ते सतत हलतं ठेवावं लागतं, नाहीतर जळतं. तुमचा ब्लीच ३९० ला असेल तर हे आधी सांगा. सफायर लावून ठेवलेल्या यंत्रावर ब्लीचच दिसणार नाही.

पांढऱ्या प्रकाशातला लाल भाग आधी पोहोचतो, निळा मागाहून. म्हणून शून्यकाळ प्रत्येक तरंगलांबीला वेगळा असतो आणि कच्च्या आकडेवारीत तो वक्र दिसतो. हा वक्र सरळ करण्याआधी पहिल्या पिकोसेकंदाबद्दल बोलणं म्हणजे भविष्य सांगणं. नुसत्या द्रावकाचं मोजमाप त्याच सेलमध्ये, त्याच ऊर्जेला जरूर घ्या. शून्यकाळाभोवती द्रावक आणि काच स्वतःच एक वळवळ दाखवतात, आणि ती ‘अतिशीघ्र घटक’ म्हणून अनेक आलेखांत नांदते.

ऊर्जेचा हिशेब इथेही करा. ४०० नॅनोमीटरचे २०० नॅनोज्यूल, ठिपका २५० मायक्रोमीटर व्यासाचा, शोषणांक २०,००० असेल तर सुमारे सहा टक्के रेणू उत्तेजित होतात. बरं आहे. एक मायक्रोज्यूल टाकलात तर तीस टक्के, आणि घन पातळ थरांत किंवा नॅनोकणांत तेव्हा उत्तेजित अवस्था एकमेकींना खायला लागतात. पिकोसेकंदांतला देखणा वेगवान उतार त्यातून येतो. निदान तीन ऊर्जांना मोजमाप घ्या. ध्रुवीकरणाच्या दोन दिशांमध्ये ५४.७ अंशांचा कोन आहे ना, विचारा. नाहीतर रेणूचं फिरणं तुमच्या लाइफटाइममध्ये मिसळतं. नमुना ढवळत ठेवा.

एकाच तंत्रावर विसंबू नका, हे हैदराबादच्याच एका कामातून शिकण्यासारखं आहे. हैदराबाद विद्यापीठात नवेंदु मंडल आणि अनुनय सामंत यांनी सिझियम-लेड हॅलाइड पेरॉव्हस्काइट नॅनोस्फटिकांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘नॅनोस्केल’मध्ये आला. त्यात ट्रान्झियंट अ‍ॅब्सॉर्प्शनला फेम्टोसेकंद प्रतिदीप्ती अपकन्व्हर्जनची जोड दिली आहे. शोषणात इलेक्ट्रॉन, होल, ब्लीच, उत्तेजित उत्सर्जन सगळं एकावर एक चढलेलं असतं. प्रतिदीप्तीत फक्त उजळणारी अवस्था बोलते. दोन्ही शेजारी ठेवले की कुठला घटक कुणाचा, यावरचा वाद बराच मिटतो.

आकडेवारी बसवताना एकेका तरंगलांबीवर तीन-तीन घातांकी पदं लावत बसू नका. सगळ्या वर्णपटाला एकदम बसवणारं ग्लोबल अ‍ॅनालिसिस करा. ग्लोटारान हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पण ते जे वर्णपट देतं ते तुम्ही सांगितलेल्या क्रमाचे असतात. क्रम चुकीचा असला तरी ते तितक्याच आत्मविश्वासाने रंगीत रेषा काढून देतं. घटक किती ठेवायचे हे उरलेल्या फरकाचा नकाशा बघून ठरवा, सुपरव्हायजरच्या आवडत्या यंत्रणेवरून नको.

खोलीतले नियम

हे लेझर चौथ्या वर्गातले असतात. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा, आणि तो कुठल्या लांबीसाठी आहे हे दांडीवर वाचून. ५३२ चा नारिंगी चष्मा ८०० ला तुम्हाला वाचवेलच असं नाही, आणि ८०० नॅनोमीटर डोळ्याला जवळपास दिसत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. घड्याळ, अंगठी, बांगडी बाहेर काढून ठेवायची. खाली पडलेला स्क्रू उचलताना डोळे किरणाच्या पातळीतून नेऊ नका, पाठ फिरवून वाका. कुठलाही आरसा तुम्ही हलवायचा नाही. तो तसा ठेवण्यात कुणाचा तरी आठवडा गेलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये वेळ मिळाला असेल तर आर्द्रतेची चौकशी करा. दमट हवेत प्रकाशीय पृष्ठभागांवर थर बसतो आणि वातानुकूलन थांबून पुन्हा सुरू झालं की किरण सरकतो. पांढऱ्या प्रकाशाची स्थिरता तासाभराने पुन्हा मोजायला सांगा. दिवसाच्या सुरुवातीला मोजलेला रुथेनियमचा किंवा दुसऱ्या प्रमाण नमुन्याचा आलेख शेवटी पुन्हा घ्या. दोन्ही जुळले तर मधली सगळी मोजमापं उभी राहतात.

निघण्याआधी तुमची सेल शेजारच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर न्या आणि शोषणपट पुन्हा घ्या. सकाळच्या पटाशी पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल तर नमुना लेझरखाली तुटत होता, आणि शेवटचे संच ताज्या द्रावणाने तिथेच पुन्हा घ्यावे लागतील. आकडेवारी यंत्राच्या स्वरूपात आणि साध्या मजकूर-फायलीत अशा दोन्ही रूपांत मागा. सोबत द्रावकाचा संच, उत्तेजन किरणाचा वर्णपट, ठिपक्याचा व्यास, प्रत्येक संचाची ऊर्जा आणि खोलीचं तापमान. यंत्र चालवणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव लेखात ऋणनिर्देशात जाणार की लेखकांत, हे त्याच संध्याकाळी चहावर बोलून घ्या. सहा महिन्यांनी मेलवर बोलायला हा विषय अवघड जातो.